दिल्लीच्या साहित्य संमेलनाला वाचनालयाच्या वतीने जायचे आहे : मार्गदर्शन हवे

परभणीची ग्रंथपाल

नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. येत्या २१, २२ आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरत आहे. त्याला वाचनालयातून कोणीतरी जावे असे कार्यकारिणीने ठरवले आणि ती जबाबदारी माझ्याकडे आली. ग्रंथखरेदीसाठी १५ हजार रुपये मंजूर झाले आहेत. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मी स्वतः करणार आहे.

याआधी २०२० साली उस्मानाबादला (आताचे धाराशिव) भरलेल्या संमेलनाला मी एसटीने जाऊन एकच दिवस थांबले होते. इतक्या मोठ्या शहरात, तीन दिवस आणि एकटीने जाण्याची ही पहिलीच वेळ आहे. प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी की श्रोता म्हणून सरळ जावे? एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी कार्यक्रम असतात तेव्हा निवड कशी करावी? आमच्या कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की पुस्तके पुण्यातही मिळतात, त्यासाठी दिल्ली गाठण्याचे कारण नाही. त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला खरोखरच समजून घ्यायचे आहे.

माझ्या मनात जाण्याचे आणखी एक कारण आहे. आमच्याकडे दर बुधवारी गावातल्या बायका जमतात आणि त्यांच्या आया-सासवांच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतो. प्रत्येक ओवीसमोर समासात सांगणारीचे नाव आणि तिचे माहेर लिहिलेले असते. यंदाच्या अध्यक्षा डॉ. तारा भवाळकर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घालवले आहे. त्यांना ही वही दाखवता येईल का?

मांडवातला म्हातारा

ताई, अवश्य जा. मी २०१५ साली पंजाबातल्या घुमानला, २०१८ साली बडोद्याला आणि गेल्या वर्षी अमळनेरला होतो, त्या अनुभवावर लिहितो.

राहण्या-जेवणाची सोय हवी असेल तर प्रतिनिधी नोंदणी आजच करा, कारण ती मुदतीआधीच भरते. केवळ कार्यक्रम ऐकण्यासाठी संमेलनाचा मांडव साधारणपणे सर्वांना खुला असतो. उद्घाटनाची गोष्ट मात्र या वेळी वेगळी आहे. ते पंतप्रधानांच्या हस्ते व्हायचे आहे, त्यामुळे प्रवेशपत्र आणि तपासणी असणारच. प्रवेशपत्र मिळाले नाही तर खंत करू नका, तेवढा वेळ ग्रंथदालनाला द्या. पहिल्या दिवशी तिथे गर्दी कमी असते आणि विक्रेते निवांत बोलतात.

कार्यक्रमांबाबत माझा नियम असा की दिवसाला दोनच निवडायचे आणि ते पहिल्या वक्त्यापासून समारोपापर्यंत बसून ऐकायचे. उद्घाटन लांबले की पुढचे सगळे वेळापत्रक सरकते, हे कोणत्याही संमेलनात होते. अशा वेळी या मांडवातून त्या मांडवात धावणाऱ्याच्या पदरात अर्धवट भाषणांखेरीज काही पडत नाही. परिसंवादात पहिले दोन वक्ते बहुधा लिहून आणलेले वाचतात. खरा वाद तिसऱ्या-चौथ्या वक्त्यापाशी सुरू होतो आणि नेमके तेव्हाच निम्मे श्रोते जेवायला उठलेले असतात. निमंत्रितांच्या कविसंमेलनाइतकाच वेळ कविकट्ट्यालाही द्या, म्हणजे निमंत्रण नसलेले कवी जिथे कविता वाचतात तिथे. तिथे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बोली एका दुपारी कानावर पडतात आणि तुमच्यासारखे गावोगावचे कार्यकर्तेही तिथेच भेटतात.

आता तुमच्या ज्येष्ठ सदस्यांच्या प्रश्नाकडे वळतो. पुस्तके पुण्यात मिळतात, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली, ती लिहिणाऱ्यांनी एकमेकांना भेटावे म्हणूनच. दिल्लीत याआधीचे संमेलन १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. त्यानंतर सात दशकांनी, आणि मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर प्रथमच, हे संमेलन भरत आहे. गेली काही वर्षे मराठीविषयीचे निर्णय दिल्लीत होतात आणि त्यांची चर्चा आपण पुण्या-मुंबईत करतो. या वेळी तालुक्याच्या वाचनालयातला माणूस तिथे हजर असणे मला फार महत्त्वाचे वाटते. घुमानला मी गेलो तो नामदेवांची कर्मभूमी पाहावी म्हणून. तिथे गुरुद्वाऱ्याच्या पंगतीत शेजारी बसलेल्या शीख शेतकऱ्याने नामदेवांचे पद मला म्हणून दाखवले. पुण्यात बसून मला ते ऐकायला मिळाले नसते.

वहीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. तीन दिवस अध्यक्षांभोवती माणसांचे कडे असते आणि ताराबाईंचे वय ८५ च्या पुढे आहे. गर्दीत त्यांच्या हातात वही देऊ नका. त्यांचे छापील अध्यक्षीय भाषण मिळवा, ते नीट वाचा आणि मग वहीच्या निवडक पानांची छायाप्रत पत्रासोबत सावकाश पाठवा. मूळ वही कोणालाही देऊ नका.

दिल्लीकर मराठी

माझा जन्म दिल्लीचा. आजोबा केंद्र सरकारच्या नोकरीत इथे आले आणि आम्ही इथलेच झालो.

ग्रंथपालताई, तुमच्या परभणीहून सचखंड एक्सप्रेस थेट नवी दिल्ली स्थानकावर येते. १९ तारखेला निघालात तर २० तारखेला दुपारी पोहोचाल आणि एक संध्याकाळ विश्रांतीला मिळेल. स्थानकातून एक नंबर फलाटाच्या बाजूने बाहेर पडलात की पहाडगंज लागते. तिथे स्वस्त हॉटेले पुष्कळ आहेत. पण एकट्या बाईने खोली आधी ठरवूनच यावे, फलाटावर मागे लागणाऱ्या दलालांबरोबर जाऊ नये. पहाडगंजातच बृहन्महाराष्ट्र भवन आहे, तिथे जागा आहे का हे प्रथम विचारा. पहाडगंजच्या दुसऱ्या टोकाला रामकृष्ण आश्रम मार्ग हे मेट्रो स्थानक आहे आणि तालकटोरा तिथून रिक्षाने जवळ पडते. अतिमहत्त्वाच्या व्यक्ती येणार त्या दिवशी रस्ते अचानक बंद होतात, तेव्हा तासभर आधी निघा आणि शेवटचा टप्पा चालायची तयारी ठेवा. फेब्रुवारीच्या अखेरीस सकाळी आणि रात्री स्वेटर लागतो, दुपारी तो हातात घ्यावा लागतो.

एक विनंती आहे. संमेलनात आमच्यासारखी दिल्लीची माणसे भेटली तर त्यांच्याशी मराठीतच बोला. आमचे मराठी अडखळते, हिंदी वळणाचे आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेली माणसे सौजन्याने हिंदीत बोलू लागतात आणि आमची तेवढीही संधी जाते. माझी आई ७८ वर्षांची आहे, तिचे माहेर वाईजवळचे. तुमच्या वहीबद्दल मी तिला वाचून दाखवले तेव्हापासून ती रोज विचारते आहे. ती २२ तारखेला ग्रंथदालनात येईल.

जुना पुस्तकविक्रेता

खरेदीपुरते लिहितो. वाचनालयाचा शिक्का आणि छापील पत्र बरोबर ठेवा, वाचनालय म्हणून सवलत मागायला ते उपयोगी पडते. प्रत्येक बिल वाचनालयाच्या नावानेच करून घ्या, नाहीतर हिशेब तपासणीत अडचण येईल. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तो कोणी लावला तर बिल दुरुस्त करून घ्या.

शेवटच्या संध्याकाळी जास्त सवलत मिळेल म्हणून थांबू नका. इतक्या लांब येताना लहान प्रकाशक मोजक्याच प्रती आणतात आणि चांगल्या पुस्तकाची एकुलती एक प्रत पहिल्याच दिवशी जाते. शिवाय मोठ्या प्रकाशकांची गाजलेली पुस्तके तुम्हाला गावी बसूनही मागवता येतात. दिल्लीला पैसे खर्च करा ते लहान प्रकाशक, संशोधन संस्था आणि विद्यापीठे यांच्या पुस्तकांवर. वाचकांची मागणी-वही बरोबर न्या आणि तिच्यातली न मिळालेली शीर्षके आधी विचारा. शयनयान डब्यात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, म्हणजे पुस्तके बरोबर आणण्यात अडचण नाही. मात्र एकच मोठे खोके न करता दोन लहान करा, म्हणजे ती स्वतःला उचलता येतात.

परभणीची ग्रंथपाल

परवा परतले. आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्यामुळे झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

उद्घाटन विज्ञान भवनात झाले, मला प्रवेशपत्र मिळाले नव्हते. मांडवकाकांच्या सांगण्याप्रमाणे दोनच कार्यक्रम निवडायचे ठरवले होते. पहिल्या दिवशी मोह आवरला नाही आणि तीन ठिकाणी थोडे थोडे बसले. त्यातले आज काहीही धड आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून नियम पाळला, आणि तेव्हाची टिपणे आता बुधवारी वाचून दाखवण्याजोगी झाली आहेत. अध्यक्षीय भाषण परतीच्या गाडीत वाचून काढले. ताराबाईंना पत्र आणि वहीची अकरा पाने पाठवणार आहे.

२२ तारखेला दुपारी दिल्लीकर ताईंच्या मातोश्री ठरल्याप्रमाणे आल्या. ग्रंथदालनात एका गाळ्याच्या मागे दोन खुर्च्या मिळाल्या. त्यांनी चष्मा पुसून वही उघडली आणि पहिल्या दोन पानांवरच्या ओव्या बोट फिरवत मनात वाचल्या. तिसऱ्या पानावर बोट थांबले, आणि पुढची ओळ त्यांनी न वाचताच म्हटली. चाल आमच्याकडच्यापेक्षा निराळी होती, दुसऱ्या चरणातले शब्दही वेगळे होते. आमच्या वहीत भावाचे नाव होते तिथे त्यांच्याकडे विठ्ठल होता. दोन पाठ, म्हणजे एकाच ओवीची दोन रूपे, असे शेजारी ठेवून पाहिले तर ओवी कुठून कुठे गेली असेल याचा काही अंदाज येतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. म्हणून आता आम्ही प्रत्येक ओवीखाली दुसऱ्या पाठासाठी दोन ओळी मोकळ्या सोडणार आहोत. त्यांनी सात ओव्या सांगितल्या. समासात लिहिले आहे : माहेर वाई, सध्या दिल्ली.

खरेदी १४ हजार ३६० रुपयांची झाली, एकूण ५२ पुस्तके. मागणी-वहीतली नऊ शीर्षके मिळाली. बिले कार्यकारिणीपुढे ठेवली आहेत आणि पुस्तकांवर क्रमांक घालणे सुरू आहे. ज्या सदस्यांनी पुण्याचा मुद्दा काढला होता त्यांनी काल येऊन त्यातले एक पुस्तक दाखल होण्याआधीच मागितले. नोंद पूर्ण झाल्याशिवाय देता येणार नाही, असे त्यांना सांगितले आहे.