१० बाय १२ च्या खोलीसाठी स्पीकर आणि ॲम्प, ५० हजारांत काय बसेल?

लालबागकर_लेक
आमची लालबागला चाळीत खोली आहे. बाबा बेस्टमधून निवृत्त झाले, आता रोज रात्री जेवणं आटोपली की किशोरीताई नाहीतर भीमसेनजी लावून बसतात. घरात दहा वर्षं जुना होम थिएटरचा संच आहे, पाच चिमुकले स्पीकर आणि एक सबवूफर. डग्गा नुसता घुमतो, तानपुरा तर जवळजवळ नाहीच. परवा बाबा म्हणाले, "आवाज येतो गं, पण ताई कुठे बसल्यात तेच कळत नाही." तेव्हापासून मला चैन नाही.

स्पीकर भिंतीपासून फार तर वीतभर पुढे येतील. शेजारी तान्हं बाळ आहे, आवाज कमीच ठेवतो. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात ४००० वॅट पीएमपीओचा संच दाखवला. एवढे वॅट लागतात का?

ठाण्याचा_कानसेन
पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, तो बघूच नका. ८ ओहमच्या स्पीकरला ॲम्प आरएमएस, म्हणजे सलग देऊ शकतो असे, वॅट किती देतो, तेवढं विचारा. तुमच्या खोलीत हळू आवाजाला एक-दोन वॅटही पुरतात. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात, म्हणून ८६ ऐवजी ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच ताकदीत किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकर घेतला तर निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज मिळतो.

खरा प्रश्न खोलीचा आहे. १२ फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट, ९४ च्या आसपासचे सूर फुगतात. डग्ग्याचा घुमार त्याच पट्ट्यात येतो. त्यात स्पीकरच्या पेटीचं हवा जायचं छिद्र मागे असेल आणि मागे लगेच भिंत असेल तर खर्ज आणखी फुगतो. म्हणून पुढे छिद्र असलेला किंवा बंद पेटीचा, पाच इंची वूफरचा (खर्ज वाजवणारा पडदा) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या पेटीचा स्पीकर घ्या. एलॅक डेब्यू बी५.२ चं छिद्र पुढे आहे, तो ऐकून बघा. सबवूफर नकोच.

हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. यामाहा ए-एस३०१ या ॲम्पवर त्यासाठी लाउडनेसचं फिरतं बटण आहे, रात्रीच्या ऐकण्याला फार उपयोगी. नवा बजेटबाहेर गेला तर वापरलेला ॲम्प चालेल. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते का, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, एवढं तपासा. जास्त पैसा स्पीकरवरच घाला.

आणि एक काम आज रात्रीच करा. गायिका "कुठे बसलीय" ते कळत नाही म्हणजे एका स्पीकरची प्लस-मायनस वायर उलटी असू शकते. मग दोन स्पीकरचे पडदे एकमेकांविरुद्ध हलतात आणि मधला आवाज पसरून जातो.

चोरबाजार_रविवार
जुने स्पीकर मोहात पडून घेऊ नका. मी घेतले होते. कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याच्या, कडेचा फोम मुंबईच्या दमट हवेत भुगा झाला होता, बोट लावताच हातात आला. रबराची कड असलेलेच बघा.

लालबागकर_लेक
डाव्या स्पीकरची वायर उलटीच निघाली! दिवाळीआधी खोलीला रंग काढताना सगळं सोडवलं होतं, तेव्हाच चुकलं असणार. सरळ केली आणि बाबांना काही न सांगता रोजचाच भूप लावला. ते उठून दोन स्पीकरच्या बरोब्बर मध्ये येऊन बसले. डग्गा आणि तानपुरा तसेच आहेत, म्हणून खरेदी करणारच. शनिवारी बाबांनाच दुकानात नेते, त्यांचंच गाणं फोनवर घेऊन. स्टँड किती उंच घेऊ?

ठाण्याचा_कानसेन
वाचून फार बरं वाटलं. बाबा नेहमीच्या जागी बसले की जमिनीपासून कानापर्यंत टेपने मोजा, ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा पडदा, त्या रेषेत यायला हवा. स्टँडची उंची स्पीकर ठरल्यावर काढा. दुकानातही आवाज घरी ठेवता तेवढाच ठेवायला सांगा.