मदत हवी आहे: सामू (pH) 5.2, वरकस जमिनीत चुना कधी आणि किती टाकावा?

नमस्कार मंडळी. त्र्यंबकेश्वर तालुक्यात आमची 30 गुंठे तांबडी, उताराची वरकस (हलकी, कमी कसाची) जमीन आहे. माती परीक्षणात सामू 5.2 आला, म्हणजे माती आम्लधर्मी; उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) फारच कमी. निफाडकडच्या द्राक्षवाल्यांची अडचण नेमकी उलटी, मातीतल्या जास्त चुनखडीची. त्यामुळे तिकडचे सल्ले इथे चालत नाहीत.

माती आम्लधर्मी होण्याचं कारण लक्षात आलंय. इथल्या पावसात कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं, आणि वर आम्ही वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट टाकत आलो. नागली तग धरते, हरभरा मात्र पिवळा पडतो. परवा चार रोपं उपटून पाहिली. मुळं आखूड, जाडसर, टोकं तपकिरी. मुळांवरच्या नत्राच्या गाठी मोजून सहा-सात, आणि फोडल्या तर आत गुलाबी नाही, पांढरट, म्हणजे काम न करणाऱ्या.

दोन वर्षं शेणखत दिलं, बियाण्याला रायझोबियम (या गाठी तयार करणारे जिवाणू) लावलं. गेल्या वर्षी जिप्सम टाकलं, पण त्याने सामू वाढत नाही हे नंतर कळलं. सुपर फॉस्फेटही दिलं; त्यातलं स्फुरद मातीतल्या लोह-अॅल्युमिनियमने अडकवून ठेवलं असणार.

निचरा चांगला आहे, विहिरीचं पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरतं. कळीचा चुना नको, मजूर अनवाणी असतात. दळलेली चुनखडी किंवा डोलोमाइट आणू शकतो.

अशा जमिनीत ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सांगावं: गुंठ्याला किती किलो, एकदम की दोन वर्षांत विभागून? आणि मे महिन्यात टाकून नांगरावं, की उतारावरून वाहून जाईल म्हणून नागली काढल्यावर, हरभऱ्याआधी टाकावं?