पंधराशेचे पाचशे झाले, पण आधी रेशन कार्ड बघा
दादा, घरात नऊ माणसं आन वहिनीचे लाडकी बहीणचे महिन्याला पंधराशेचे पाचशे झाले हे तुमच्या पोस्टमधी वाचून लई वाईट वाटलं. आमच्याकडं परभणीत बी तेच झालं, मंडळीच्या नावावर जमीन हाय, पीएम किसान आन नमो शेतकरीचे मिळून वर्षाला 12000, म्हंजे महिन्याला हजार येतात म्हणून लाडकी बहीणचे नुसते फरकाचे 500. नियमच तसा हाय, त्याच्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालू नका, गाडीभाडं जातं फुकट.

पण रेशनकडं बघा. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो, म्हणजे नऊ जणांचं 45 किलो व्हतंय. आमच्या तीन लेकरांची केवायसी, म्हंजे आधारवरून ओळख पटवायची राहिली, मशीनवर अंगठाच उमटंना, 15 किलो कमी यायलं आन दोन महिने कुणाच्या ध्यानातच आलं नाही! शेवटी मेरा ई-केवायसी ॲपवर चेहरा दाखवून झालं. अंत्योदय कार्ड (लई गरीब घरांचं) असंल तर मात्र माणसं कितीबी असूद्या कार्डाला 35 किलोच, मोठ्या घरावर हा अन्यायच हाय.

सध्या आई दोन्ही टायमाला जवारीच्या भाकरी करती, गहू लेकरांच्या डब्यापुरता ठेवलाय. दुकानदार कमी देत असंल तर पावती मागा, रेशनच्या तक्रारीसाठी 1967 ला फोन लावा.