मदत हवी आहे: काकांची १९५२ ची एमजी टीडी आणि घरात फिरणारे भाव

इंदूरकरीण:

नमस्कार मंडळी. गाड्यांवरचे धागे आजवर नुसते वाचत आले, लिहिण्याची ही पहिलीच वेळ. विषय थोडा घरगुती आणि बराचसा पैशांचा आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

आमचे धाकटे काका मागच्या वर्षी गेले. लग्न केलं नव्हतं. रामबागेतल्या जुन्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची एमजी टीडी उभी आहे. १९५२ ची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन सीटची, उघड्या टपाची. मी शाळेत असताना दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालून काका राजवाड्यापर्यंत फेरी मारून आणायचे. पुढे ते बंद झालं आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. वारस दोघंच, बाबा आणि आत्या. बाबांचं वय झालंय, त्यामुळे धावपळ माझ्याकडे.

अडचण अशी की घरात प्रत्येकाकडे वेगळा भाव आहे. आतेभाऊ अमेरिकेत असतो. तो रोज रात्री लिलावांचे दुवे पाठवतो. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या, आणि एकीची किंमत दुसरीच्या अडीचपट! त्याचं म्हणणं, मोठा आकडा धरा. दिल्लीहून एक गृहस्थ फोटो बघून सहा लाख रोख द्यायला तयार आहेत, 'पेपर का टेन्शन मत लो' म्हणतात. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, "भिया, इंजन जाम है, लोहे के भाव जाएगी." आणि आत्या ठामपणे सांगते की ही गाडी होळकरांच्या गॅरेजमधून बाहेर पडलेली आहे, कोटीच्या खाली बोलायचंच नाही.

आत्यापुढे कोणी बोलत नाही, ते सोडा. पण बाबा आणि आत्यामध्ये उद्या वाटणीवरून कटुता यायला नको, म्हणून एक आकडा हवा जो दोघांना पटेल. प्रश्न असे: परदेशी लिलावात दिसणारी किंमत म्हणजे नक्की काय? ती इंदुरातल्या बंद गाडीला कितपत लागू होते? बाजार चढतोय की उतरतोय, म्हणजे थांबण्यात काही अर्थ आहे का? आणि होळकरांची गोष्ट खरी निघाली तर खरंच फरक पडतो का?

आरसी बुक जुनं, जाड कागदाचं, मध्य भारत राज्याच्या काळातलं आहे. पानं एकमेकांना चिकटली आहेत, अजून नीट उघडलेली नाहीत.

---

जुनं_लोखंड:

ताई, आधी अभिनंदन. टीडी भारतात फार नाहीत.

लिलावाच्या आकड्याबद्दल. हातोडा पडतो तो आकडा, म्हणजे शेवटची मान्य झालेली बोली, वेगळा आणि बातमीत छापून येतो तो वेगळा. हातोड्याच्या किमतीवर घेणाऱ्याला प्रीमियम भरावा लागतो, मोठ्या लिलावगृहांत साधारण १० ते १२ टक्के. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मॉन्टेरेला फेरारी २५० जीटीओ विकली गेली, बातम्यांत ४ कोटी ८४ लाख डॉलर आले. हातोडा पडला होता ४ कोटी ४० लाखांवर. वरचे सगळे लिलावगृहाचे. विकणाऱ्याच्या हातात याहूनही कमी येतं, कारण त्याच्याकडूनही बहुतेक वेळा कमिशन कापतात. ऑनलाइन लिलावांत प्रीमियम कमी असतो. म्हणजे भावाने पाठवलेले दोन दुवे दोन वेगळ्या ठिकाणचे असतील तर तुलनाच चुकते.

दुसरं, तो आकडा 'विकली गेली' असा आहे की 'सर्वांत मोठी बोली'? रिझर्व्हपर्यंत, म्हणजे मालकाने आधी ठरवलेल्या किमान किमतीपर्यंत, बोली पोचली नाही तर गाडी घरी परत जाते, पण आकडा इंटरनेटवर तसाच राहतो. आणि जाहिरातीतली किंमत तर निव्वळ मालकाची इच्छा. ती धरूच नका.

चालू स्थितीतल्या बऱ्या टीडीला अमेरिकेत ढोबळमानाने १५ ते २५ हजार डॉलर मिळतात. फार उत्तम असेल तर वर, प्रोजेक्ट, म्हणजे मोठं काम बाकी असलेली गाडी, असेल तर बरंच खाली. अडीचपट फरकाचं कारण तिथेच आहे.

---

तिसरा_गिअर:

बाजाराच्या कलाबद्दल मी लिहितो, थोडं कडू वाटेल.

क्लासिक स्पोर्ट्स कारचा बाजार एक नाहीच. वरच्या टोकाला मर्सिडीजची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे आहे, दोनच बनल्या, त्यातली एक २०२२ च्या मे महिन्यात साडेतेरा कोटी युरोंना गेली. त्याचा तुमच्या शेडशी काडीचा संबंध नाही. वरच्या फेरारी जीटीओ जेमतेम छत्तीस बनल्या. टीडी १९४९ ते १९५३ मध्ये तीस हजारांच्या आसपास बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन माणसाला छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं वेड लावणाऱ्या गाड्यांपैकी ही. म्हणून तिथे ती आजही सहज मिळते, आणि सहज मिळणाऱ्या वस्तूला भाव चढत नाही.

दुसरं कारण वयाचं. माणूस साधारणपणे तीच गाडी घेतो जी त्याला पंधराव्या वर्षी भिंतीवर लावावीशी वाटली होती. टीडीचे चाहते आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या गाड्या विकायला येताहेत. आज पैसा हातात असलेल्या पिढीला नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्या हव्यात. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी गाडी आयात करायला सूट आहे. २०२४ पासून निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर३४ त्या नियमात बसायला लागली, लोक त्याची वर्षानुवर्षं वाट बघत होते. टीडीसाठी असं कोणी थांबलेलं नाही.

चढउताराचा इतिहास बघायचा तर १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले, त्यानंतर भाव वेड्यासारखे चढले, आणि १९९० नंतर असे कोसळले की कर्ज काढून गाड्या घेतलेले लोक रस्त्यावर आले. मग २०१४-१५ च्या सुमारास पुन्हा एक शिखर, करोनानंतर २०२१-२२ ला आणखी एक, आणि त्यापुढे बाजार थंड. जग्वार ई-टाइपसारख्या गाडीतही फक्त सुरुवातीच्या १९६१ च्या गाड्या भाव धरून आहेत, बाकीच्यांची ओढाताण चालू असते. थोडक्यात, भाव वाढेल म्हणून थांबणार असाल तर थांबू नका. काकांची म्हणून ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी, मग भावाचा प्रश्नच येत नाही.

---

जुनं_लोखंड:

तिसरा_गिअर बरोबर बोलताहेत, पण ते सगळं अमेरिकेचं. भारतात जुनी गाडी बाहेरून आणणं सोपं नाही, म्हणून इथल्या गाड्या इथल्याच हौशी लोकांत फिरतात. पुरवठा इतका तुटपुंजा की इथला भाव डॉलरच्या गुणाकाराने काढताच येत नाही. तो ठरतो तीन गोष्टींवर: कागद, नंबर आणि लाकूड.

हो, लाकूड. टीडीच्या बॉडीचा आतला सांगाडा अ‍ॅशच्या लाकडाचा असतो, त्यावर पत्रा ठोकलेला. इंदुरात पाऊस मुंबईइतका नसला तरी पत्र्याच्या शेडमध्ये इतकी वर्षं म्हणजे शंका येतेच. तपासायची पद्धत सांगतो. टीडीचं दार मागच्या बाजूला बिजागरीवर असतं. दार अर्धं उघडा, पुढची कड खालून धरून हलकेच वर उचला आणि बिजागरीच्या खांबाकडे बघा. फक्त दार हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे, किरकोळ. खांबासकट सगळं हललं तर आत भुसा झालाय. मग खर्च मोठा, आणि बाहेरून चकाचक रंग मारला तरी जाणकार पहिल्यांदा तेच दार उचलून बघणार.

नंबरसाठी बॉनेट उघडा, दोन्ही बाजूंनी पंखासारखं उघडतं. इंजिनवर छोटी अष्टकोनी पितळी पट्टी असेल, 'एक्सपीएजी' ने सुरू होणारा नंबर. तो आरसी बुकातल्या नंबराशी जुळतो का बघा. चासी नंबरही जुळवा. भारतात या गाड्यांत अँबेसेडरचं इंजिन टाकण्याची फार हौस होती. मूळ इंजिन असेल, तर 'लोहे के भाव' वाल्या मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवा.

आणि कृपा करून त्याला नट खोलू देऊ नका. या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण नटांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. साधा पाना लावला की कोपरे गेलेच.

---

पोहे_विथ_सेव:

मी इंदुरातलाच, राजेंद्रनगर. गाड्यांतलं कळत नाही पण आत्यांच्या गोष्टीबद्दल बोलतो, कारण आपल्या इंदुरात प्रत्येक जुनी वस्तू होळकरांचीच असते. 😄

इंदूरचे शेवटचे महाराज यशवंतराव होळकर, त्यांच्या गाड्या जगप्रसिद्ध आहेत. १९३५ ची त्यांची अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे, गर्नी नटिंग या ब्रिटिश कारखान्याची बॉडी, नारिंगी-काळी, अमेरिकेतल्या संग्राहकांत फिरली. त्यांच्या माणिकबाग राजवाड्यातलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात गेलं, आणि माणिकबागेत आज सरकारी कर खात्याचं ऑफिस आहे. त्यामुळे नाव लागलं तर किंमत नक्कीच बदलते. पण नाव कागदावर हवं. महाराजांची सही, गॅरेजची नोंदवही, निदान ओळखू येईल असा फोटो. संस्थान १९४८ मध्येच मध्य भारतात विलीन झालं, तुमची गाडी त्यानंतरची. अशक्य नाही, पण आरसी बुकाचं पहिलं पान सगळं सांगेल. ते चिकटलेलं पान वाफेवर वगैरे सोडवू नका, शाई जाईल.

---

खडखडाट:

कागदांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. आरसी काकांच्या नावावर असेल तर आधी फॉर्म ३१, मालकाच्या मृत्यूनंतरची मालकी बदली. त्याशिवाय दिल्लीवाल्यांना गाडी दिलीत तर कागदावर ती काकांचीच राहील आणि उद्या काही झालं तर पोलिस रामबागेतच येणार. 'पेपर का टेन्शन मत लो' म्हणणाऱ्या माणसाला पेपरचंच टेन्शन असतं.

दुसरं, २०२१ च्या जुलैपासून केंद्राचे व्हिंटेज नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पुन्हा नोंदणी ५,०००. नव्याने नोंदली तर 'व्हीए' मालिका मिळते, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तो जुना नंबर घालवू नका, हौशी लोक त्यासाठीही पैसे मोजतात. मात्र व्हिंटेज नोंदणीनंतर रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. दसऱ्याची फेरी बसते का, ते आरटीओलाच विचारा.

---

आतेभाऊ_नाही:

एक सल्ला, दोन भावंडांच्या वाटणीच्या दृष्टीने. आकडा घरातल्या कोणी काढूच नका. व्हिंटेज गाड्यांच्या क्लबमधल्या, गाडी विकत घ्यायची इच्छा नसलेल्या दोन माणसांना बोलवा, प्रत्येकाकडून 'आहे त्या स्थितीत' लेखी किंमत घ्या. दुरुस्त करून विकू, असा विचार चुकूनही नको. टीडीचे जवळजवळ सगळे पार्ट ब्रिटन-अमेरिकेत नवे मिळतात, त्यामुळे काम होतं, पण खर्च गाडीच्या किमतीपुढे जातो. तिकडेही पूर्ण रिस्टोअर केलेली टीडी बऱ्याचदा रिस्टोअर करायला लागलेल्या पैशांपेक्षा कमीत जाते. आतेभावाच्या दुव्यातली महागडी गाडी बहुधा तशीच असणार. मालकाने त्यात किती ओतले ते लिलावाच्या पानावर येत नाही.

---

इंदूरकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलाला घेऊन शेडमध्ये गेले.

दार उचललं. डावीकडे फक्त दार हललं, उजवीकडे खांबासकट. पावसाची बाजू तीच. बॉनेटखाली पट्टी सापडली, ग्रीसखाली होती, रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर 'एक्सपीएजी' दिसलं. पुढचे आकडे आरसी बुकाशी जुळले, चासीचेही.

बुकाचं पान ओळखीच्या एका ग्रंथपालांनी सोडवून दिलं. पहिली नोंद होळकरांची नाही, इंदुरातल्या एका कापड गिरणीच्या नावावर आहे. दुसरी एका डॉक्टरांची, तिसरी काकांची. आत्याला फोटो पाठवला. तिचं म्हणणं, गिरणीला ती राजवाड्यातूनच मिळाली असणार. त्यावर मी काही बोलले नाही.

आतेभावाला हातोडा, प्रीमियम आणि रिझर्व्हबद्दल वाचायला लावलं. दुवे पाठवणं चालूच आहे, पण आता खाली 'नॉट सोल्ड' असं स्वतःच लिहितो.

दिल्लीच्या गृहस्थांना इंजिन नंबर जुळतो एवढंच कळवलं होतं. सकाळी फोन आला, सहाचे नऊ झाले. फॉर्म ३१ होईपर्यंत बोलणार नाही असं सांगितलं आहे. क्लबमधल्या एकांशी बोलणं झालंय, पुढच्या रविवारी येताहेत. दुसरं कोणी उज्जैन-देवास-इंदूर पट्ट्यात माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि जुनं_लोखंड, ते येण्याआधी जाम इंजिनाचं काही करायचं का, की हातच लावू नये?

---

जुनं_लोखंड:

चावी फिरवू नका, ढकलून सुरू करायचा प्रयत्नही नको. चारही प्लग काढा (नीट बसणारा सॉकेट वापरून), प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडा, प्लग हाताने परत लावा, आणि येणाऱ्या माणसाला तसं सांगा. उजव्या खांबाचंही आधीच सांगून टाका. तो दार उचलणारच आहे.