मदत हवी आहे: घरगुती डब्यांच्या धंद्यात १० दिवसांची सुट्टी कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात फोंड्याला घरूनच दुपारच्या जेवणाचे डबे देते. रोजचे २६; त्यातले १५ कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, बाकी फर्मागुडीला शिकणारी मुलं. महिन्याचे पैसे सगळे आगाऊ देतात. स्वयंपाक माझा एकटीचा, पोचवायला एक मुलगा आहे. रविवारी बंद. गणेश चवथीला गिऱ्हाईकच आपापल्या गावी जातं, पण ते दिवस माझे नेवऱ्या-मोदकांतच जातात, त्याला सुट्टी म्हणवत नाही. आता मनगट इतकं दुखतं की नारळ खवताना मध्येच थांबावं लागतं.

गेल्या जानेवारीत ५ दिवस शेजारच्या वहिनींवर सोपवून पाहिलं. त्यांनी मनापासून केलं, पण बांगड्याच्या हुमणात तिरफळं नाहीत, सोलकढी पातळ. तिसऱ्या दिवशी डबे अर्धे भरलेलेच परत आले आणि ४ जण कायमचे सुटले. म्हणून बदली स्वयंपाकीण नको.

जूनचा पहिला पंधरवडा मनात आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, नुस्तं (मासे) तेव्हा महागच असतं, आणि बरीच मुलं घरी गेलेली असतात. अडचण कुंडईवाल्यांची, त्यांना रोज डबा लागतोच.

ज्यांनी अशी सुट्टी घेतली आहे त्यांनी कृपया सांगावं: १० दिवसांचे पैसे परत द्यावेत की पुढच्या महिन्यात वळते करावेत? आणि किती दिवस आधी सांगितलं तर माणसं परत येतात?