तलावाच्या पंपाची फक्त मोटार बदलावी की पूर्ण पंपच? (अमेरिकेतील नियम)

पारिजातक:
आम्ही डॅलसजवळ राहतो. गेल्या वर्षी घेतलेल्या घरामागे सुमारे २०,००० गॅलनचा पोहण्याचा तलाव असून त्याचा एकाच वेगाने चालणारा जुना पंप मागच्या आठवड्यात बंद पडला. मोटार जळली आहे, बाकीचा पंप शाबूत आहे. एक कारागीर तशीच मोटार मिळवून बसवून देण्यास तयार आहे. दुसरा म्हणतो की नव्या नियमांमुळे व्हेरिएबल स्पीड (वेग कमी-जास्त करता येणारा) पंपच घ्यावा लागेल. मोटारीच्या पट्टीवर १ अश्वशक्ती आणि शेजारी सर्व्हिस फॅक्टर १.६५ असे लिहिलेले आहे. नियम नेमका काय आहे आणि तुम्ही काय घ्याल, हे कृपया सांगावे.

गोदाकाठ:
तुम्ही दिलेला १.६५ हा आकडाच इथे निर्णायक आहे. अश्वशक्तीला सर्व्हिस फॅक्टरने, म्हणजे मोटार लिहिलेल्या क्षमतेच्या किती पट भार पेलू शकते त्या आकड्याने, गुणले की एकूण अश्वशक्ती मिळते आणि नियम तीच मोजतो, त्यामुळे तुमची ‘एक’ची मोटार नियमाच्या दृष्टीने १.६५ ची ठरते. केंद्रीय ऊर्जा विभागाने पूर्ण पंपांसाठीचे निकष १९ जुलै २०२१ पासून लागू केले, पण जळालेली मोटार बदलून जुनाच पंप चालवत राहण्याची वाट मोकळी राहिली होती. ती आता बंद होत आहे : १.१५ ते ५ एकूण अश्वशक्तीच्या ज्या मोटारी २९ सप्टेंबर २०२५ पासून तयार किंवा आयात होतात, त्यांना वेग बदलण्याची सोय असावीच लागते. ०.५ ते १.१५ मधल्या मोटारींना २८ सप्टेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे. तारीख निर्मितीची असल्याने आधीचा शिल्लक माल विकणे बेकायदा नाही, म्हणजे तुमचा पहिला कारागीर काही खोटे बोलत नाही.

तरीही मी ती मोटार घेणार नाही. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी शक्ती तत्त्वतः एक अष्टमांशावर येते. तेवढेच पाणी फिरवायला दुप्पट वेळ लागला तरी वीज चौथाईच लागते. प्रत्यक्षात मोटारीतील घट धरता बचत याहून कमी होते. आमचा जुना पंप १,८०० वॅटवर रोज आठ तास, म्हणजे १४.४ युनिट घेत असे. नवा सुमारे ३०० वॅटवर सोळा तास चालून ४.८ युनिट घेतो. निकषाची चाचणीही याच तत्त्वावर आहे. वेग बदलणाऱ्या पंपाच्या मोजणीत कमी प्रवाहाला ८० टक्के आणि जास्त प्रवाहाला २० टक्के वजन मिळते, तर एकाच वेगाचा पंप केवळ पूर्ण प्रवाहावर मोजला जातो. तुमच्या आकाराचा तसा पंप या परीक्षेत टिकणे जवळजवळ अशक्य आहे, आणि मला हे रास्त वाटते.

सावली_ऑस्टिन:
वरील मताशी सहमत आहे, मात्र वेग फार कमी ठेवू नका. मिठापासून क्लोरीन करणारे यंत्र किंवा पाणी तापवणारा हीटर असेल, तर प्रवाह ठरावीक मर्यादेखाली जाताच तो बंद होतो. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि मोटारीच्या सर्किटला जीएफसीआय (वीज गळताच पुरवठा तोडणारे) संरक्षण आहे याची खात्री करा. पाण्याजवळच्या विजेच्या बाबतीत इथे तडजोड नको.

दुसरे थंडीचे. गोठण्यापासून बचाव करणारी सोय पंपात असेल, तर तो कारखान्यातून ४० अंश फॅरनहाइट किंवा त्याखालचे तापमान, एका वेळी जास्तीत जास्त एक तास आणि निम्म्याहून अधिक नसलेला वेग अशा मांडणीत येतो. ही मांडणी नंतर बदलता येते. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत आमची वीज गेली, पंप थांबला आणि फिल्टरजवळचा पाइप फुटला. त्यामुळे वीज नसताना पंप आणि फिल्टरमधले पाणी काढून टाकायचे बूच कुठे आहेत, ते पंप बसवतानाच पाहून ठेवा.

पारिजातक:
दोघांचेही मनापासून आभार. आमच्याकडे हीटर नाही, मिठाचे यंत्र आहे. पूर्ण पंपच घेत आहोत. सुरुवात कोणत्या वेगाने करावी?

गोदाकाठ:
सुरुवातीला पाणी ओढण्यासाठी जास्त वेग पंप स्वतःच घेईल. त्यानंतर मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर आणा आणि यंत्रावरचा प्रवाहाचा दिवा पाहा. तो विझत असेल, तर १०० फेऱ्यांच्या टप्प्याने वाढवत न्या. दिवा स्थिर झाला की स्किमरकडे (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाकडे) पाने ओढली जातात का, ते पाहा. फिल्टर मळत जाईल तसा प्रवाह घटतो, म्हणून सापडलेल्या वेगात शंभर-दीडशे फेऱ्यांची भर ठेवा.