मदत हवी आहे: वाड्याच्या छोट्या मॉडेलसाठी नवं लाकूड जुनं कसं दिसेल?

माजघर

नमस्कार मंडळी,

वाईला आमच्या सासरचा दोन चौकी वाडा होता. दुरुस्तीच्या पलीकडे गेल्यामुळे तो उतरवावा लागला. सासूबाई लग्न होऊन त्याच वाड्यात आल्या आणि उभं आयुष्य तिथेच राहिल्या. त्यांच्यासाठी मी पुढच्या चौकाचं मॉडेल करते आहे, १:२४ प्रमाणात. आमचा एक खण (दोन खांबांमधलं अंतर) साधारण पाच फुटांचा होता, तो मॉडेलमध्ये अडीच इंचांचा होतो. चौकाच्या तीन बाजूंची ओसरी, खांब, तुळया, वरचा कडीपाट (आडव्या लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्या) आणि दिंडी दरवाजा एवढं करायचं आहे.

खांब-तुळयांसाठी बासवुडच्या पट्ट्या मागवल्या आहेत, कडीपाटाच्या फळ्यांना आइस्क्रीमच्या काड्या आणि छपराच्या आतल्या सांगाड्याला बाल्सा. कापाकापी बरीचशी झाली आहे, जोडणी अजून सुरू केलेली नाही. अडले आहे ते रंगापाशी.

बाजारातला तयार ‘वॉलनट’ स्टेन एका तुकड्यावर लावून पाहिला. रंग छान आहे, पण सगळीकडे एकसारखा बसतो आणि लाकूड कालच पॉलिश केलेल्या फर्निचरसारखं दिसतं. चहाच्या पाण्यात काड्या बुडवल्या तर नुसता पिवळसरपणा आला. आमच्या वाड्याचं लाकूड आत काळपट तपकिरी होतं, वळचणीला बाहेर आलेली कड्यांची टोकं राखाडी, आणि खांब खालून वेगळे, वरून वेगळे. फोटो भरपूर आहेत. शिवाय वाडा उतरवताना एका कडीचा हातभर तुकडा मी मागून घेतला होता, तो समोर ठेवूनच काम करते.

व्हिनेगर आणि लोखंडाची कृती बऱ्याच ठिकाणी वाचली आहे. ती आपल्याकडच्या वस्तूंनी कशी करायची? एकाच फिकट लाकडावर तपकिरी, काळा आणि राखाडी असे तिन्ही रंग मिळतील का? आणि त्या जुन्या कडीतूनच पट्ट्या काढून खांब केले तर जास्त बरं होईल का? सासूबाईंना हात लावल्यावर परकं वाटू नये, एवढीच इच्छा आहे.

रंधा

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तुकडा एकदा कापला की परत जोडता येणार नाही. ती कडी सागाची असणार. जुन्या सागाचा काळेपणा फक्त वरच्या कातडीपुरता असतो. करवत घातलीत की आतून पुन्हा सोनेरी पिवळं लाकूड निघेल आणि रंगाचा प्रश्न होता तिथेच राहील. दुसरी अडचण रेषांची. सागाची छिद्रं मोठी असतात. पाव मिलिमीटरचं छिद्र चोवीसपट केलं तर सहा मिलिमीटर होतं, म्हणजे तुमच्या खांबावर उघड डोळ्यात भरतील एवढी भोकं दिसायला लागतात. डोळ्याला लगेच कळतं की हा खांब नाही, पट्टी आहे. बासवुडचा पोत बारीक आहे, छोट्या कामाला तेच योग्य. कडी अख्खी राहू द्या, मॉडेलचा पाया किंवा बैठक म्हणून वापरता येईल.

आता व्हिनेगर. आपल्याकडे किराणा दुकानात मिळतं ते चार टक्क्यांचं साधं पांढरं व्हिनेगर चालतं. लोखंड मात्र नीट पाहून घ्या. भांडी घासायची चमकदार तारेची घासणी बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलची असते, ती महिनाभर बुडवून ठेवली तरी काही होत नाही. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाल्यांसाठी स्टील वूल, म्हणजे लोखंडाच्या अगदी बारीक तारांचा पिंजका, मिळतं, ते आणा. त्यावर तेलाचा हात असतो, म्हणून साबणाच्या पाण्यात धुवून पिळून घ्यायचं. काचेच्या बरणीत एक कप व्हिनेगर आणि मुठीत मावेल एवढं स्टील वूल पिंजून टाका. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो. वर फडकं बांधलं तरी पुरे. दोन-तीन दिवसांनी सुती कापडातून दोनदा गाळून घ्या. ताजं पाणी जवळजवळ रंगहीन किंवा किंचित करडं असतं, जुनं झालं की गंजाच्या रंगावर जातं. दोन्ही उपयोगी आहेत, फक्त जुन्याने छटा तांबूस येते.

हे पाणी म्हणजे रंग नव्हे. त्यातलं लोखंड लाकडातल्या टॅनिनशी (चहाला तुरटपणा देणारं तेच द्रव्य) मिळालं की काळा रंग तिथेच, लाकडाच्या आत तयार होतो. म्हणून तो थरासारखा वर बसत नाही आणि रेषा झाकत नाही. बासवुड, बाल्सा आणि काड्यांच्या लाकडात टॅनिन अगदी कमी. त्यांच्यावर हे पाणी नुसतं लावलं तर फिकट राखाडी रंग येतो, उन्हापावसात राहिलेल्या लाकडाचा. आणि आधी टॅनिन पाजून मग लावलं तर काळा. म्हणजे तुमच्या तीनपैकी दोन रंग एकाच बरणीतून निघाले. वळचणीच्या टोकांना नुसतं लोखंडाचं पाणी, तेही निम्मं साधं पाणी घालून. आतल्या लाकडाला आधी चहा. तो प्यायच्या चहासारखा नको, अर्ध्या कपाला तीन-चार चमचे पावडर टाकून चांगला उकळलेला हवा. लावा, पूर्ण वाळू द्या, मग लोखंडाचं पाणी. लावल्या लावल्या फारसं काही दिसत नाही. तासाभरात रंग चढत जातो, म्हणून घाईने दुसरा हात देऊ नका.

कोकणवाट

वाचनखूण साठवली. किल्ल्याच्या दरवाजासाठी मलाही हेच हवं होतं.

नीळ

मी कापड रंगवते, लाकूड नाही, पण हा सगळा मामला आमच्याच घरचा आहे. कलमकारीतला काळा रंग याच तत्त्वावर बनतो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात आणि लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून केलेल्या द्रावणाने त्यावर रेघा ओढतात. रेघ ओढताना फिकट असते आणि बघता बघता काळी होते. तुम्ही चहाऐवजी हिरडा वापरून बघा. आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात हिरड्याची पूड सुटी मिळते. दोन चमचे पूड वाटीभर पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून, वरचं पाणी घ्यायचं. चहापेक्षा टॅनिन कितीतरी जास्त, आणि स्वतःचा रंग अगदी हलका पिवळा.

पण नुसत्या हिरड्याने आणि लोखंडाने येणारा काळा निळसर झाकेचा असतो, शाईसारखा. वाड्याच्या लाकडाला ती झाक शोभणार नाही. त्यासाठी कात घ्या, आपला विड्याचा कात. त्यातलं टॅनिन वेगळ्या जातीचं. नुसता कात तांबूस तपकिरी रंग देतो आणि लोखंड लागलं की हिरवट काळ्याकडे झुकतो. हिरडा आणि कात दोन्ही मिसळले तर निळी झाक आणि हिरवी झाक एकमेकींना मारतात आणि खालून काताचा तांबूसपणा डोकावत राहतो. मी कापडावर हिरडा एक भाग आणि कात दोन भाग असं धरते. लाकडावर तुम्हाला प्रमाण बदलावं लागेल. टाकाऊ पट्टीवर एकेक चौकोन रंगवा आणि प्रत्येकाखाली प्रमाण पेन्सिलीने लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात बघा, रात्री ट्यूबच्या उजेडात हे रंग फसवतात.

माजघर

रंधादादा, नीळताई, किती आभार मानू! कडी कापणार नाही, ते ठरलं.

हिरडा आणि कात आणले, नमुन्याची पट्टी केली. कात जास्त, हिरडा थोडा आणि त्यावर पाणी घालून पातळ केलेलं लोखंडाचं पाणी, हा चौकोन जुन्या कडीशेजारी ठेवला तर दोन्ही एका घरचे वाटतात. सासूबाईंना न सांगता दाखवला. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हे माडीच्या जिन्याजवळचं.”

आता दोन अडचणी. काड्या ओल्या झाल्या की धनुष्यासारख्या वाकतात. आणि पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांवर रंग फार गडद होतो, बाकी अंगावर फिका. जोडणी आधी करून मग रंगवू का, म्हणजे वाकणार नाहीत?

पांगारा

जोडणी आधी अजिबात करू नका ताई. फेव्हिकॉलचा ओघळ जिथे वाळतो तिथे लाकडाची तोंडं बंद होतात. मग कुठलंही पाणी आत शिरत नाही आणि प्रत्येक सांध्याशी पांढरट डाग राहतो. आधी रंग, मग जोडणी, आणि सांध्यातून बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच टिपायचा.

आमचं गाव सावंतवाडीजवळ. तिथल्या लाकडी खेळण्यांच्या कामात लाकूड नीट वाळलेलं असण्याला फार जपतात, तीच शिस्त इथेही लागते. एकाच बाजूला पाणी लागलं की ती बाजू फुगते आणि काडी वाकते. दोन्ही बाजूंना सारखंच लावा. पाणी शोषून झालं की वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये काड्या ओळीने मांडा, वर फरशीचा तुकडा ठेवा. कागद दोनदा बदला. उन्हात वाळवू नका, सावलीत हवेशीर जागी ठेवा.

आणखी एक. पहिल्या पाण्याने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात आणि अंग खरखरीत होतं. म्हणून रंगाच्या आधी साध्या पाण्याचा एक हात द्या, वाळवा आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने हलकेच घासा. नंतर घासायला गेलात तर रंग निघून येईल. टोकांचं म्हणाल तर तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, ती जास्त पितात. टोकं जास्त बारीक पेपरने गुळगुळीत करा आणि रंग लावण्याच्या क्षणी तेवढीच आधी पाण्याने ओली करा, मग कमी पितील. लाखेचं अगदी पातळ पॉलिश टोकांना लावूनही चालतं. पण तुमच्या कडीची टोकं पावसातली आहेत ना? तिथे गडद राहिलं तर खरंच दिसेल. सगळी टोकं सारखी करायच्या मागे लागू नका.

बाल्साला फार पाणी पाजू नका. स्पंजासारखं पितो आणि दबतो. छपराच्या आत दिसणारच नसेल तर त्याला पातळ काळपट जलरंगाचा एक हात पुरे.

ओसरी

रंगाचं सगळं आलंच आहे. रंग कुठे लावायचा, त्यावर थोडं लिहिते. मी साताऱ्याकडच्या वाड्यात वाढले.

वाडा सगळीकडे सारखा जुना होत नाही. चौकाकडच्या खांबांना पागोळ्यांचं पाणी उडून खालचा वीतभर भाग काळवंडतो. दगडी तळखड्याला (खांबाखालच्या दगडाला) टेकलेली कडा सर्वांत काळी, वर जाताना फिकी. छातीच्या उंचीवर माणसं हात टेकतात, पाठ टेकून बसतात, तिथे खांब तुकतुकीत आणि कडा गोल झालेल्या. उंबऱ्याचा मधला भाग झिजून खोलगट होतो, दोन्ही टोकं मात्र तीक्ष्ण राहतात. स्वयंपाकघराच्या बाजूच्या कडीपाटावर धुराचं काजळ, देवघरासमोर दिव्याचं. दिंडी दरवाजाच्या कडीखाली अर्धगोल घासलेली खूण हवीच, कडी वर्षानुवर्षं तिथेच आपटलेली असते.

हे रंगाच्या आधी करून घ्या. कडा गोल करायला पॉलिश पेपर, उंबऱ्याला गोल कानस. फळ्यांना जुनेपणाच्या भेगा हव्या असतील तर पितळी तारेचा ब्रश रेषेच्या दिशेने ओढा, मऊ भाग निघतो आणि रेषा उठतात. १:२४ ला हे बेताने, नाहीतर भेगा खड्ड्यांएवढ्या होतील. सुरूचे खांब, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब, करणार असाल तर पुण्यात विश्रामबागवाडा पाहून या, १८०७ सालचा आहे. दर्शनी सज्जाच्या खांबांवर कोरीव कामाच्या खाचा गडद आणि उंचवटे उजळ दिसतात. तुमच्या मॉडेलमध्येही रंग वाळल्यावर उंचवट्यांवरून कोरड्या फडक्याने जोरात पुसा, तोच परिणाम मिळतो.

काजळासाठी खरंच दिव्याचं काजळ वापरा. थोड्या जवसाच्या तेलात मिसळून बोटाने चोळायचं.

रंधा

ओसरीताईंच्या शेवटच्या ओळीला एक जोड देतो, ती सगळ्यांनी वाचावी. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून डब्यात किंवा कचऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. आणि लाकूड उजळ करण्यासाठी ब्लीच वापरायचा मोह झाला तर ते व्हिनेगरच्या जवळपासही आणू नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

माजघरताई, तेल किंवा मेण लावल्यावर रंग एक पायरी गडद होतो. आत्ताच्या पट्टीवर ओलं बोट फिरवून बघा, साधारण तोच शेवटचा रंग. शिवाय लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद वाटतो, त्यामुळे कडीशी तंतोतंत जुळवण्यापेक्षा थोडा फिका ठेवा.

माजघर

ओलं बोट फिरवून पाहिलं, खरंच कडीपेक्षा काळं झालं. लोखंडाचं पाणी आणखी पातळ केलं आहे. आठ इंची खांब मॉडेलमध्ये साडेआठ मिलिमीटरचे आहेत, त्यांची खालची कडा काळी आणि वर फिकी अशी करून पाहिली. ओसरीताई, तळखड्याचं तुम्ही लिहिलं नसतं तर मला सुचलं नसतं. काड्या फरशीखाली सरळ राहिल्या.

एक शेवटचं. दिंडी दरवाजाला पितळेच्या बारीक बिजागऱ्या आणि कडी लावायची आहे. व्हिनेगरमुळे त्या खराब होतील का?

रंधा

लाकडात आम्ल शिल्लक असेल तर पितळ हिरवं पडतं. रंग पूर्ण चढल्यावर पेलाभर पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून ओल्या ब्रशने एक हात फिरवा, मग साध्या पाण्याने पुसा आणि चांगलं वाळू द्या. सोड्याने छटा जराशी बदलते, म्हणून आधी नमुन्याच्या पट्टीवर करून बघा. त्यावर लाखेच्या पातळ पॉलिशचा एक हात, आणि बिजागऱ्या सगळ्यात शेवटी.